गाळीव

रोज सकाळी सहा दहाला
सोळा मशीनं एकदम बोलायला लागायची:
हे नवं आलंय, ते जुनं झालंय,
मदतीच्या पानावरची एक वेलांटी सुधारलीय,
आणि कुठल्याशा प्रिंटरचा ड्रायव्हर, जो प्रिंटर
रास्ता पेठेतल्या आमच्या रक्तपेढीत कधी नव्हताच.

एकशे चाळीस ओळी. कधी दोनशे.
आमच्या सोसायटीच्या फळ्यावर
'गुरुवारी पाणी येणार नाही' बारा महिने लिहिलेलं असतं
आणि दर गुरुवारी अंगाला साबण लावलेलं कुणीतरी
डक्टमधून वॉचमनच्या नावानं ओरडतं.
तसंच ते.

मग इर्शाद तांबोळीनं स्क्रिप्ट लिहिली,
एकोणीस ओळींची, त्याच्या बोलण्यासारखीच तुटक.
फॉन्ट असेल तर टाक.
भाषांतर असेल तर टाक.
सुरक्षेचं असेल तर ठेव, सगळ्यात वर.
बाकीचं रविवारी बघू.
'तांदूळ निवडायचे,' तो म्हणाला, 'फक्त उलटे.
खडे जपून ठेवायचे, तांदूळ फेकून द्यायचे.'

मार्चमध्ये तो गेला,
चाव्या, पासवर्ड आणि लिमलेटच्या गोळ्यांचा अर्धा डबा
माझ्या टेबलावर ठेवून.

जुलैत सलग नऊ दिवस मेल आली नाही.
आधी बरं वाटलं.
चौथ्या दिवशी चहा संपला तरी मी कप धरून बसले.
सहाव्या दिवशी कळेना,
सगळं ठीक आहे म्हणून गप्प आहे
की सांगणाराच मेलाय.
दोन्हींचा आवाज सारखाच येतो.

दहाव्या दिवशी स्क्रिप्ट उघडली.
डिस्क भरली होती, एवढंच.
टाकलेली प्रत्येक ओळ त्यानं
एका फाइलीत गुपचूप साठवून ठेवली होती,
आणि त्या फेकलेल्या तांदळांनीच
सगळी जागा खाल्ली होती.

सतराव्या ओळीत एक सूट दिसली:
घड्याळांचं पॅकेज कधीच गाळायचं नाही.
जगातला कुठलाही देश आपली वेळ मागंपुढं करतो
तेव्हा ते येतं.
आम्हाला त्याचं काय? रक्त इथलं, वेळ इथली,
बाटलीवर लिहायची तारीखही इथलीच.
बाकी प्रत्येक ओळीशेजारी त्यानं कारण लिहिलंय.
हिच्याशेजारी नाही.

मग आठवलं. साडेतीनला तो फोन घेऊन गच्चीवर जायचा.
एकदा लगेच खाली आला,
म्हणाला, 'तिकडं तास सरकला म्हणे.
नूरी झोपली होती.'
कोण नूरी, ते मी विचारलं नव्हतं.

ती ओळ तशीच ठेवली.
खाली माझी एक जोडली, विसावी:
काहीच नसेल, तरी सहा दहाला एवढं पाठव,
'आज काही नाही. मी आहे.'

आज ती आली, वेळेवर.
वाचून मी पुन्हा पडले पाच मिनिटं.
आज गुरुवार आहे हे
नळाखाली हात धरल्यावर कळलं.