टोरगुनची काठी

जूनपासून टोरगुन टपाल वाटते ती
डोक्यावर झाडूचा दांडा उभा धरून.
सुरय सगळ्यांत उंच टोकावर चोच मारते,
हे इथं बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक.
टोकाला तिनं लाल लोकरी मोजा बांधलाय,
त्याच्या चिंध्या झाल्यात,
खांद्यावर पांढरे ओघळ.
"पगारात हे धरलेलं नाही," म्हणते,
वाट मात्र बदलत नाही.

मी धक्क्यापाशी, मासे सुकवायच्या मांडवाआड,
एक डोळा दुर्बिणीला.
ओहोटीच्या चिखलावर तुतवार,
पोटावरचा उन्हाळी काळा डाग
आता विटलेला, कोपरं झिजलेल्या कोटासारखा.
एकशे चाळीस.
पुन्हा मोजले, एकशे सदतीस.
एलिव म्हणतो, त्यातले तीन टिलवे आहेत.
मी म्हणतो, चष्मा पूस.
एका थर्मासवर आम्ही दर ऑगस्टला भांडतो
आणि वहीत आकडा एलिवचाच जातो,
कारण पेन त्याचं.

गेल्या आठवड्यात रात्र परत आली.
दोन तासांची, पातळ, ताकाच्या निवळीसारखी.
लोक दिवा लावतात
आणि जरा ओशाळतात,
न सांगता पाहुणा यावा आणि घर आवरलेलं नसावं तसे.

आज पहाटे काहीतरी बिघडलंय असं वाटलं.
मासळीच्या कारखान्यातली मोटर बंद पडली असेल म्हणून
मी खिडकी उघडली. मोटर चालू होती.
पहिल्यांदाच ती ऐकू येत होती.
चारशे घशांची करकर
रात्रीतून उठून गेली होती,
दक्षिणेला, दक्षिण संपते तिथवर.
मागे टरफलं,
उडायचं राहून गेलेलं एक पिल्लू,
वाऱ्यानं त्याचं पीस उलटं-सुलटं करत बसलेला किनारा.

एलिवनं तारीख टाकली. पुढे शून्य.
शून्य काढायला त्याला वेळ लागला.

तेवढ्यात वळणावरून टोरगुन,
पिशवी काखेत, दांडा डोक्यावर.
होड्यांच्या शेडपाशी आली,
जिथं रोज सहा-सात एकदम तुटून पडत.
आम्ही हाक मारली नाही.
ती थांबली. वर पाहिलं.
मोजा फडफडत होता, एवढंच.
दांडा खाली न घेता
ती पुढच्या पत्रपेटीपर्यंत गेली,
हळू, थोडी ताठ,
मग त्याच्या पुढच्याही.

"तीन टिलवे," एलिव म्हणाला.
मी दुर्बीण न लावताच म्हटलं,
असतील.