डावीकडे वळणारी पट्टी

पट्टी डावीकडे वळायला लागली तेव्हा
मी आधी चांदीला बोल लावला,
मग मूस ओतणाऱ्या पोराला.
गिऱ्हाईक म्हणालं, वैनी,
पैंजणाची पट्टी मागितली होती,
ही तर कोयरी झाली.

दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवले,
अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे.
वळण जाईना.
तिसऱ्या दिवशी रोलरच थांबले.
मोटर नुसती हुंकारत राहिली जागच्या जागी,
उखाणा घ्यायला उभी केलेली
आणि ऐन वेळी विसरलेली नवरी जशी.

राजकोटला फोन लावला.
मॉडेल बंद झालंय, बेन, नवीन घ्या.
किंमत ऐकली आणि फोन ठेवला.
पाटी तर दारावरच आहे:
पट्टा व तार काढून मिळेल, तोळ्यावर मजुरी.
मेच्या उन्हात सोलापूर तव्यासारखं,
वंगण पातळ होऊन पायऱ्यांवर आलेलं,
आणि लग्नाच्या तिथी थांबत नाहीत.

संध्याकाळी साखर पेठेतून राजेशम येमूल आला,
माग बंद करून, तसाच.
भुवयांवर कापसाची पांढरी लव.
मी म्हटलं, तुम्ही तर चादरीच्या मागाचे फिटर.
म्हणाला, बघा की वैनी,
फिरतंय ते सगळं एकच आहे.

स्विच लावून त्यानं पुलीला हातानं हिसका दिला,
मोटर धावली.
कपॅशिटर गेलंय, म्हणाला, मोटर चांगलं आहे.
एवढं सोपं होतं म्हणून मला जरा रागच आला.

पण पट्टी अजून डावीकडेच.
मग त्यानं पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला लावली, डोळे मिटले.
चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढलेले कान,
मी हाक मारली तरी ऐकत नाहीत,
आणि लोखंडाच्या पोटातलं ऐकू येतं त्यांना.
उजवं बोलतंय, म्हणाला. डावं बडबडतंय.

गियर काढले, साखळी काढली, रोलर फडक्यावर निजवला.
काळं तेल डब्यात उतरवलं,
तो फेकायला निघाला, मी हात धरला:
सोनाराघरी तेल फेकत नाहीत.

डावा बुश झिजून लंबगोल.
त्याच्याखाली चेपून बसवलेला
घडी घातलेला पत्र्याचा तुकडा, एका कडेनं फाटलेला.
रॉकेलनं पुसला
तर अर्धा मोर दिसला. हिरवा.
ह्यांच्या तपकिरीच्या डबीचं झाकण.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली.
उधारी कुणाकडे किती, ते सांगितलं होतं,
तेजाब कुठं ठेवायचं, कस कसा बघायचा,
कुठला सराफ वजनात हात मारतो, तेही.
हे नाही.
इतकी वर्षं मी सरळ पट्टी काढत होते
एका मोरावर.

राजेशमनं तुकडा उजेडात धरला.
काम नीट केलंय, म्हणाला.
तेवढं सांगायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडच्या लेथवरून
गनमेटलचा नवा बुश आला, हाताला अजून गरम.
त्यानं रोलरच्या दोन्ही टोकांना
कॅलेंडरच्या कागदाची एकेक चिंधी धरली,
ओढून बघितली,
डावीकडची किंचित ढिली.
पुन्हा ओढली.
पुन्हा.
मग मला म्हणाला, तुम्ही ओढा.
दोन्ही चिंध्या सारख्याच अडल्या.

पहिली पट्टी निघाली ती टेबलाच्या कडेला लावून बघितली.
खाली उजेड नव्हता.

तो हात धुवायला नळाकडे वळला.
मी घंगाळ पुढं केलं: इथं धुवा, राजेशमभाऊ.
तो हसला. चोर वाटलो काय?
नाही हो, म्हटलं, मीही इथंच धुते.
हे पाणी वर्षातून एकदा गाळतो आम्ही.
त्यानं कोपरापर्यंत साबण लावला.
काळ्या पाण्यावर कापसाची लव तरंगत राहिली.

तो तुकडा मी काट्यावर टाकला.
सवयच.
एक ग्रॅम, सातशे मिली.
लिहून ठेवावं असं काही नव्हतं.
लिहिलं.

जिना उतरताना राजेशम ओरडून म्हणाला,
उद्या तुमच्या भागात पाणी आहे,
हंडे भरून घ्या,
आणि तेल महिन्याला बदला,
डब्यातलं ते ठेवा, खुशाल ठेवा.