आंधळा कोपरा

एकतीस वर्षं या कॉव्हेंट्रीत
पोरापोरींना मी एकच गोष्ट शिकवली :
आरशावर विसंबू नका, मान वळवा.
आरशाला न दिसणारा एक आंधळा कोपरा
प्रत्येक गाडीला असतो,
आणि सायकलवाला नेमका तिथेच असतो.

आता माझीच मान वळत नाही.
कुणी बाजूने हाक मारली
तर खांदे, कंबर, पावलं,
सगळा लवाजमा घेऊन वळावं लागतं.
लायब्ररीतल्या पॉलीनला वाटलं, मी रागावलोय.
मंडळात कुजबुज झाली,
टिपणिसांना हल्ली ताठा आलाय.
आलाय खरा.
मानेपासून कमरेपर्यंत आलाय.

डॉक्टर ओकेके माझ्या नातीच्या वयाची.
तिने पडद्यावर माझा कणा बाजूने उभा केला.
मणके सुटे दिसेनात.
त्यांच्या पुढून काहीतरी पांढरं ओघळत गेलेलं,
चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात वीज जायची
तेव्हा बशीत चिकटवलेल्या मेणबत्तीसारखं.
हाड आहे, म्हणाली ती. जास्तीचं.
रोगाचं नाव चार शब्दांचं,
त्यातल्या एकाचा अर्थ : कारण माहीत नाही.
साखर आहे?
आहे. वीस वर्षं.
मान हलवून तिने लिहून घेतलं.
काय सहज हलली तिची मान.

पडू नका, ती म्हणाली.
असा कणा वाकत नाही, खडूसारखा मोडतो.
आणि भूल द्यायची वेळ आली कधी
तर आधी सांगा, नळी घशातून उतरायची नाही.
ते मी कागदावर लिहून
पाकिटात ठेवलंय,
जिथे लायसन्स असायचं.

निघताना तिने पेनाचं टोक टेकवलं :
हे सगळं उजवीकडे. छातीच्या मागे,
डावी बाजू बघा, जवळजवळ कोरी.
तिथे मोठी धमनी कण्याला लागून जाते.
तिच्या ठोक्यांनी हाडाला बसू दिलं नाही,
असं मानतात.

तेव्हापासून मी डाव्या कुशीवर झोपत नाही.
उगीच. तिला अडचण नको.

भाकरी बंद झाली.
मानेतलं हाड अन्ननलिकेला मागून रेटतं,
घास मध्येच थांबतो, लाल सिग्नलला थांबावा तसा,
मागे कुणी हॉर्न वाजवत नाही एवढंच.
मऊ भात, मेतकूट, ताक.
जेवताना बोलू नका, कुंदा म्हणते
आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी तिचं ऐकतो.
जिभेला हाड नसतं म्हणे.
तेवढी एक जागा राहू दे.

मी निवृत्त झालो तेव्हा वाकणकर भाषणात म्हणाले,
टिपणीस म्हणजे हाडाचे शिक्षक.
टाळ्या पडल्या.
हाड ऐकत असणार.

आणि पेणचा भाऊ, तो तर जन्मभर सांगत राहिला
येणाऱ्याजाणाऱ्याला, अभिमानाने :
आमचा हा विलायतेला गेला
आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही.
तो गेला त्या आठवड्यात माझ्याकडे
सात टेस्ट लागल्या होत्या.
तेव्हा मान वळत होती.

गाडी विकली. गुरुवारी ताहिरा नेते मला दवाखान्यात.
चार वेळा नापास झालेली माझी ताहिरा,
आता तिच्या मागच्या सीटवर लेकराची खुर्ची.
फोल्सहिल रोडवर डावीकडे वळायचं होतं.
आरसा. सिग्नल.
मग तिने मान वळवली, पूर्ण, माझ्या खांद्यावरून पलीकडे,
तिच्या ओढणीचं टोक माझ्या बाहीला लागलं.
मी समोर बघत होतो, दुसरं काय करणार.
माझा उजवा पाय मात्र
रिकाम्या जमिनीवर गच्च दाबला गेला,
जिथे माझ्या गाडीत दुसरा ब्रेक असायचा.

गाडी थांबली.
डावीकडून एक सायकल खळखळत पुढे निघून गेली.

सर, पाय काढा, ताहिरा म्हणाली.
पाहिला मी त्याला.