ऐंशीव्या दिवसाचं नाव

बिझुनेश. म्हणजे, 'तू पुष्कळ आहेस.'
ऐकणाऱ्याला वाटतं, काय कौतुकाचं नाव!
मी सहावी मुलगी. बाप दारातूनच ते म्हणाला
आणि गुरं घेऊन माळाकडे निघून गेला.
पुष्कळ झालं आता, असं ते नाव आहे.

अदिस अबाबात, गोदामांच्या मागच्या बाजूला,
कॉफी निवडायच्या शेडमध्ये मी सतरा नंबर.
पट्टा सरकत राहतो.
काळी बी, किडकी बी, फुटकी, आंबलेली,
डोळ्यांच्या आधी बोटांना कळते.
पोत्यामागे किती मिळतात ते सांगत नाही,
तुम्ही हळहळाल,
आणि हळहळीला इथे कोणी सुटे देत नाही.

चांगली बी जहाजात बसते.
टाकलेली इथेच राहते. आम्हीच ती विकत घेतो,
भाजतो, कुटतो, एकाच भांड्यात तीनदा उकळतो.
तिसऱ्या कपाला आमच्यात आशीर्वाद म्हणतात.
समुद्रापलीकडच्यांना सांगू नका,
पण ती वाईट लागत नाही.

यंदा मोठ्या उपासात ताप उतरेना,
म्हणून पवित्र पाण्यासाठी गेले.
चपला बाहेर, डोक्यावरून पांढरा नेतेला,
पुढे बायका, मागे बायका.
क्रूस कपाळाला टेकवण्याआधी अब्बांनी विचारलं,
'बाप्तिस्म्याचं नाव?'
बिझुनेश, मी म्हणाले.
'ते जगातलं. प्रभूपुढचं?'
माहीत नाही.
मागच्या बाईनं घसा खाकरला.
क्रूस जरासा हवेत थांबला, मग टेकला.
त्यांनी आशीर्वाद अडवला नाही, खोटं कशाला बोलू.
पण तो थांबलेला क्षण
पुढे आठवडाभर पट्ट्यावरून येत राहिला,
आणि तो कुठल्या टोपलीत टाकायचा ते कळेना.

आई जाऊन नऊ वर्षं झाली.
बहिणींना स्वतःचीच नावं जेमतेम आठवतात.
उरली येशीमेबेत, माझी बाप्तिस्म्याची आई,
देब्रे बरहानच्या पुढे, दोन बस बदलून, थंडीत.
गोवऱ्यांच्या धुरात बसली होती,
दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं.
तिनं आधी माझा गळा चाचपला,
दोरा आहे का ते पाहिलं,
मग म्हणाली, 'बस.'

'बाप आला नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली.
ऐंशीवा दिवस चुकू नये म्हणून मीच उचललं तुला.
पाणी असं गार, की तू ओरडलीस
आणि डीकनचा हात घसरला, मेल्याचा.
नाव मी सांगितलं. रविवार होता, दुसरं सुचतंय कशाला?
वलेते सेन्बेत.'

शब्बाथाची लेक.
विश्रांतीच्या दिवसाची लेक,
मी, जी रविवारी धुणी धुते.
हसू आलं. मग आलं नाही.

'विसरली नाहीस कशी?' मी विचारलं.
तिला प्रश्नच कळला नाही.
'विसरेन कशी? रोज पहाटे घेते की.
ह्याच नावानं. तुझ्यासाठी.'

एकतीस वर्षं.
मी भांडत होते, भाडं चुकवत होते,
एका ड्रायव्हरच्या मागे वेडी झाले होते,
आणि रोज पहाटे ह्या धुरातून
कोणीतरी माझं नाव वर पाठवत होतं,
जे मला ठाऊक नव्हतं
आणि त्याला होतं.

सोबत नेलेली कॉफी मीच भाजली. टाकलेलीच.
तिनं तिन्ही कप घेतले, चौथा मागितला.
चौथ्याला काही नाव नसतं.

सोमवारी पट्टा सुरू झाला.
अर्धी फुटलेली एक बी आली, मी टाकली.
खिशात घातली नाही, डोळ्यांत पाणी नाही, काम आहे ते.
मुकादम ओरडला, 'सतरा!'
मी वळले.
आतून आणखी एक जण वळली,
जराशी उशिरा,
रविवारच्या चालीनं.