स्वयंपाकाचं सामान

अक्कलकोट रोडला, मागांच्या शेडपाठी
आमचा पत्रा.
पलीकडं खटाक-खटाक दिवसरात,
अलीकडं माझा घण.
हैबती हातोडीनं जागा दाखवतो, टिंग.
मी घालते, धाड.
पंधरा सालं झाली,
जागा त्याची, धाड माझी.

पूर्वी विळे, खुरपी, कुळवाची पास.
आता सुऱ्या. शिकारीच्या.
ट्रकच्या कमानपाट्याचं काळं लोखंड,
वखारीतल्या तुटक्या आरीचं पांढरं,
एकाआड एक, सात पदर.
वर टाकणखार भुरभुरायचा
आणि लोखंडाला पाझर फुटेस्तोवर थांबायचं.
मग घाई.
त्या एका श्वासात सांधलं तर सांधलं.

सात. तोडलं, दुमडलं, चौदा.
अठ्ठावीस. छप्पन्न.
शाळा मी बघितली ती बाहेरनं,
पण दुपटीचा पाढा खांद्याला पाठ आहे.
एकशे बारा. दोनशे चोवीस.
इथं थांबायचं, हैबती म्हणतो,
ह्यापुढं काळं-पांढरं एकमेकांत मुरतं
आणि गिऱ्हाइकाला काही दिसत नाही.

पाणी द्यायचं म्हणतात सुरीला,
देतो मात्र करडईचं तेल.
एप्रिलातल्या दुपारी तेल भडकतं
तेव्हा भजी तळल्याचा वास सुटतो
आणि गल्लीतली बारकी पोरं
दारात येऊन उभी राहतात.

मूठ राजेशम गाजमच्या धोट्याची.
तीन माग भंगारात घातले त्यानं,
धोटे नाही घातले.
पोत्यात भरून आमच्याकडं आणले, पैसे नको म्हणाला.
पहिली सुरी झाली तेव्हा बघायला आला.
पातं बघितलंच नाही,
मुठीवर अंगठा फिरवत बसला.
"हा डावीकडनं उजवीकडं जायचा," म्हणाला,
"बावीस वर्षं. कुठं पोचला नाही."

गिऱ्हाईक पुण्याचं, बेंगळूरचं, फोनवरचं.
एकदाच एकजण गाडी घेऊन आला.
मी विचारलं, "शिकार कशाची करालाव सायब?"
हसला. काचेच्या कपाटात ठेवणार होता.
तिकडं नान्नजच्या माळावर काळवीट चरतंय,
त्याला ह्यातलं काही माहीत नाही.
फोटो पाहिजे म्हणाला, कारागिराचा.
हैबती ऐरणीपाशी उभा राहिला
हातात माझा घण घेऊन.
मी बाजूला सरले,
सावली पडत होती.

पात्यावर शिक्का त्याच्या नावाचा.
पण तेजाबातनं पातं वर येतं,
लाटा उमटतात,
तेव्हा मी वाचते:
ही वाकडी गेली, त्या दिवशी झुंबरीला ताप होता.
ही इथं दाटली, तेव्हा मी कुणावर तरी चिडलेली.
गिऱ्हाईक ह्यालाच नक्षी म्हणतं,
ह्याचेच पैसे देतं.

कुरिअरचा पोरगा विचारतो, आत काय?
सुरी म्हटलं की घेत नाही.
हैबती सांगतो, "स्वयंपाकाचं सामान."
तो लिहितो. वजन करतो. पावती फाडतो.

एक मात्र गेली नाही.
तेलातनं काढून ऐरणीवर टिचकी मारली
तर आवाज बद्द आला.
शेंड्याजवळ एक पदर सांधलाच नव्हता,
केसाएवढी फट.
पॉलिशात झाकेल, हैबती म्हणाला.
त्या महिन्यात कोळशाचे पैसे थकलेले.
मी काही बोलले नाही.
शेंडा पकडीत आवळला आणि वाकवला.
कट्.
दोन दिवस घरात फक्त घण बोलला.

ती बुटकी सुरी चुलीपाशी असते,
मुठीला चिंधी गुंडाळलेली.
कांद्याचं पाणी लागलं की काळवंडते,
पुसली की लाटा वर येतात.
झुंबरी पदर मोजायला बसते,
नाक पात्याला लावून.
अठरा-एकोणीसपर्यंत जाते,
डोळे चुरचुरतात,
फ्रॉकला पुसते
आणि परत एकपासून.