उशिराचं कारण

केमियार्वीच्या पुढे, तळ्याकाठी,
हिल्का पेल्तोलांकडे माझी अठरा मिनिटं.
गोळ्या, डोळ्यांत थेंब, लापशी गरम,
पायमोजे. टाच सुजली की मोजा अडतो,
तिथेच तीन जातात.

आज घरात नव्हत्या.
दार सताड उघडं, कॉफीचं भांडं कोरडं.
ओल्या पायवाटेवर काठीची भोकं,
थेट सॉनाच्या खोपटापर्यंत.

आत सर्वांत खालच्या फळीवर बसलेल्या.
अंगभर कपडे, मांडीवर टॉवेलची घडी.
चूल गार. दोन वर्षं कुणी पेटवली नाही;
तिला टेकून बटाट्यांची पोती, लेकाची जुनी स्की.

"इथंच जन्मले मी. गवत पसरून, या जमिनीवर.
आई म्हणे कळा देता देता चुलीत लाकडं सारत होती."
मग म्हणाल्या, "वास घे. आहे अजून."
होता.

आमच्या फॉर्मवर आंघोळ आहे:
मंगळवारी, खुर्चीत, शॉवरखाली.
ती होते. रकाना भरलेला असतो.
चूल तापायला दीड तास,
आणि मला एकटीला त्यांना वर चढवता येणार नाही.
हे मी बोलले नाही.
त्यांनी जरा सरकून जागा केली.

खिशात फोन थरथरला. उशिराचं कारण निवडा:
रस्ता. वाहन. बर्फ. इतर.
'इतर'ला लिहून द्यावं लागतं.

बाहेर जून. न मावळणारं ऊन, डासांचे थवे.
मी 'बर्फ' दाबलं.

अजून कुणी विचारलेलं नाही.