पाटी

इदवालचा बाप बेथेस्डाच्या खाणीत पाटीचा दगड चिरायचा.
छिन्नी टेकवायची, कान द्यायचा,
आणि दगड वहीसारखा आपसूक उघडायचा.
"घाव घालू नकोस, शीर शोध,"
इदवाल मला एडिटिंगच्या टेबलाशी सांगायचा,
बापाचं म्हणून नाही, स्वतःचंच असल्यासारखं.

पहिली फिल्म सोळा मिनिटांची, वेल्शमधली.
चॅपेलच्या तळघरात एकोणतीस प्रेक्षक,
त्यात चार आत्या.
मग लंडन. ग्रेव्हीच्या जाहिराती,
वाफ दिसावी म्हणून बशीमागे कापसाचे गरम ओले बोळे.
मग एक मोठा सिनेमा, ज्याचा शेवट
निर्मात्यांनी भलत्याच माणसाकडून करून घेतला.
नाव मात्र याचंच ठेवलं.
पुढे अकरा वर्षं टीव्हीवरचं हॉस्पिटल:
दर मंगळवारी कुणीतरी मरायचं,
ब्रेकच्या जरा आधी.

त्याबद्दल मी कधी विचारलं नाही.
एकदा आमच्या मिरजेच्या शाळेचं सांगितलं,
दगडी पाटी आम्ही थुंकीनं पुसायचो,
आणि वाळली की जुनं अक्षर परत वर यायचं.
तो खूप हसला.
मग मशीन बंद करून बसून राहिला.

शेवटचं शूटिंग त्याच खाणीत.
क्लॅपरवाली पोरगी नवी. पाटीवर तिनं
सीन लिहिला, टेक लिहिला,
दिग्दर्शकाची जागा विसरली.
"असू दे," तो म्हणाला, "कोरी बरी."

तो तुकडा माझ्याकडे आहे. चार सेकंद.
एरवी पहिला कापायचा तो हाच.
छिन्नी टेकवून बसलेय.